‘समाधानी’वर टिक करण्याआधी: कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेला एक खुलं पत्र

मा. कुलगुरू सर आणि व्यवस्थापन परिषदेचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला आता बावीस वर्षं झाली. देवघेव विभागात रुजू झाले, मधली काही वर्षं नियतकालिकांकडे होते आणि गेली सात वर्षं अभ्यासिका माझ्याकडे आहे. सकाळी आठला दार मी उघडते. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे लिहिलं आहे ते ऐकीव नाही.

गेल्या महिन्यात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं परिपत्रक आलं. परिसरातल्या सुविधांबद्दल विद्यार्थी आणि कर्मचारी किती समाधानी आहेत याचं सर्वेक्षण होणार आहे, लिंक सोबत जोडली आहे, प्रत्येक विभागाने जास्तीत जास्त प्रतिसाद मिळवून द्यावेत. आमच्या विभागातलं हे काम माझ्याकडे आलं. मी अभ्यासिकेत टेबलाटेबलाशी जाऊन मुलांकडून फॉर्म भरून घेत होते. खिडकीजवळच्या टेबलावर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसते. तालुक्याच्या गावाहून रोज एसटीने येते. सकाळी पावणेसातची गाडी पकडते, घरी पोचायला संध्याकाळचे साडेसहा होतात. तिने माझ्यासमोरच फोनवर फॉर्म उघडला. ‘स्वच्छतागृहांच्या सुविधेबाबत आपण किती समाधानी आहात?’ या प्रश्नाखाली पाच पर्याय होते. तिने ‘समाधानी’वर बोट ठेवलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मी सहज विचारलं, “कुठलं वापरतेस गं? खालचं की पहिल्या मजल्यावरचं?”

“मी जातच नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

“इथे जातच नाही. घरी गेल्यावरच.”

“मग समाधानी कसं लिहिलंस?”

ती गोंधळली. थोडं थांबून म्हणाली, “वापरलंच नाही, तर वाईट कसं लिहू?”

तिच्या वहीशेजारी पाण्याची बाटली होती. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

त्या दिवसापासून मी बाटल्या बघायला लागले. मुलांच्या बाटल्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकाम्या होतात, कूलरवरून परत भरून येतात. मुलींच्या बऱ्याचशा बाटल्या घरून भरून येतात आणि जवळजवळ तशाच परत जातात. काही जणी नुसते ओठ ओले करतात. उन्हाळ्यात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, अभ्यासिकेत पाच-सहा तास बसणारी मुलगी पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं.

सर, तिची ती टिक आता सर्वेक्षणाच्या अहवालात जाणार. पै-चार्टमधल्या ‘समाधानी’च्या हिरव्या भागात ती मोजली जाणार. तिने खोटं काही लिहिलेलं नाही. उलट फार प्रामाणिकपणे लिहिलं आहे. चूक आपल्या प्रश्नात आहे. सुविधेबद्दल समाधानी आहात का, हे आपण विचारतो. ती सुविधा तुम्ही वापरता का, आणि वापरत नसाल तर का, हे विचारत नाही. माणसं काय टाळतात हे ज्या सर्वेक्षणात येत नाही, त्यातलं समाधान मला खरं वाटत नाही. या पत्रात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचा पुरावा म्हणून वाचावं.

हे मी दुसऱ्यांबद्दल लिहिते आहे असं नाही. रुजू झाल्यावर दोन-तीन वर्षांत मीही तेच शिकले. सकाळी निघताना एक कप चहा, मग घरी जाईपर्यंत जेमतेम दोन घोट पाणी. वयाच्या अडतिसाव्या वर्षी लघवीच्या जंतुसंसर्गाने आठवडाभर अंथरुणाला खिळले. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, दिवसभरात पाणी किती पिता? मग म्हणाल्या, शिक्षिका आहात का? शाळा-कॉलेजातल्या बायका याच तक्रारी घेऊन येतात. पुढच्या दोन वर्षांत तो त्रास मला आणखी तीनदा झाला. माझ्या वैद्यकीय रजेच्या अर्जांवर ‘प्रकृती अस्वास्थ्य’ एवढंच लिहिलेलं आहे. त्या रजांचा आणि इमारतीतल्या नळांचा संबंध कोणत्याही फायलीत सापडणार नाही.

आता पहिल्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडे गोष्टी कुठे अडतात हे त्यावरून कळेल.

हे महिला स्वच्छतागृह चार वर्षांपूर्वी नव्याने बांधलं. छान बांधलं आहे. पांढऱ्या टाइल्स, मोठा आरसा, खिडकीला जाळी, कोपऱ्यात सॅनिटरी पॅडचं यंत्र. मूल्यांकन समिती येऊन गेली, आणि त्यानंतर महिन्याभरात त्याला कुलूप लागलं. मुली नीट वापरत नाहीत, घाण होते, नवीन काम खराब होईल, असं कारण सांगण्यात आलं. चावी कार्यालयात ठेवली. वीतभर लांबीच्या लाकडी पट्टीला सुतळीने बांधलेली, पट्टीवर लाल ऑइलपेंटने ‘म.स्व.’ लिहिलेलं, आणि अधीक्षकांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली. म्हणजे मुलीने कार्यालयात यायचं, पाच पुरुष बसलेल्या खोलीतून पार मागे जायचं, चावी मागायची, आणि ती पट्टी हातात धरून सगळ्या व्हरांड्यातून चालत जायचं. परत येताना पुन्हा तेच. मला आठवतं, एक मुलगी पट्टी ओढणीत गुंडाळून नेत होती. कार्यालयातल्या मंडळींनी कधी कुणाला वाईट शब्द बोललेला नाही, ते सज्जन आहेत. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्या खोलीत शिरणं किती जड जातं, याचा विचार कुलूप लावताना कुणाच्या मनात आला नसावा.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रं शिकवतात. त्यातलं पहिलं, ग्रंथ उपयोगासाठी असतात. एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं हरवू नयेत म्हणून साखळीने मांडणीला बांधून ठेवत. पुस्तक सुरक्षित राहायचं, आणि वाचणाऱ्याची अडचण व्हायची. मी बावीस वर्षं त्या पहिल्या सूत्राच्या आधाराने नोकरी केली, आणि माझ्याच इमारतीत एक नवीकोरी जागा खराब होऊ नये म्हणून बंद पडून होती.

गेल्या जूनमध्ये मी ग्रंथपालांना विनंती करून ती चावी माझ्या ताब्यात घेतली. तेव्हापासून सकाळी आठला अभ्यासिकेबरोबर मी तेही कुलूप काढते. पहिल्या आठवड्यात खरोखरच घाण झाली. वास यायला लागला. ज्यांनी कुलूप लावलं होतं त्यांना वाटलं असेल, बघा, आम्ही म्हणतच होतो. मीही दोन दिवस खट्टू झाले. मग सफाईच्या मावशींशी बोलले.

मावशी कंत्राटदाराच्या माणूस. सकाळी सातला येतात, चार मजले त्यांच्याकडे. त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. सकाळी नळाला पाणीच नसतं. आठला नसतं, नऊला नसतं, दहालाही नसतं. अकराच्या सुमारास येतं. तोपर्यंत त्या खालच्या बागेतल्या नळावरून बादल्या भरून जिन्याने वर आणतात. “दोन बादल्यांत पाच संडास कसे धुवायचे, मॅडम, तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच कुणी सांगितलं तर बरं, अशा सुरात त्यांनी विचारलं होतं.

मग मी शोध घेतला. गच्चीवर दोन टाक्या आहेत. संध्याकाळी त्या भरलेल्या असतात. तळमजल्यावरच्या एका फ्लशच्या टाकीतलं रबर झिजलं आहे, त्यामुळे रात्रभर त्यातून पाणी वाहत राहतं आणि पहाटेपर्यंत वरच्या टाक्या रिकाम्या होतात. पंप चालवणारा मुलगा कंत्राटी आहे, त्याची ड्यूटी दहाला सुरू होते. तो दहाला बटण दाबतो, टाकी भरून नळाला पाणी यायला अकरा वाजतात. विद्यार्थी येतात आठला. म्हणजे मुली घाण करतात हे आपण ज्याला म्हणत होतो, तो पाण्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न होता. एक झिजलेलं रबर आणि ड्यूटीची वेळ, यापलीकडे त्यात काही नव्हतं.

मी अर्ज केला. आवक क्रमांक माझ्याकडे आहे, दोन स्मरणपत्रांचेही आहेत. फ्लशची दुरुस्ती देखभालीच्या कंत्राटात येते, पंप पाणीपुरवठ्याकडे आहे आणि सफाईचं कंत्राट तिसऱ्याच कक्षाकडे. तीन ठिकाणी तीन फायली. कुणीही उद्धटपणे बोललं नाही. प्रत्येकाने आपला भाग वगळून बाकीचं दुसऱ्याकडे आहे एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं. शेवटी रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने, माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या मामांनी, आपणहून तोडगा काढला. घरी जाण्याआधी साडेसहाला ते पंपाचं बटण दाबायचे. जुलै आणि ऑगस्ट, दोन महिने सकाळी आठला नळाला पाणी होतं. मावशींच्या बादल्या सुटल्या. वास गेला. मधल्या सुट्टीत महिला स्वच्छतागृहापुढे मुलींची रांग लागायला लागली, आणि ती रांग बघून मला फार बरं वाटायचं.

सप्टेंबरमध्ये सुरक्षेचं कंत्राट बदललं. नव्या कंपनीने रक्षकांना विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायला मनाई केली. त्यांच्या बाजूने ते योग्य असेल. ते मामाही दुसरीकडे गेले. पाणी पुन्हा अकराला यायला लागलं. आठवडाभरात रांग मोडली. खिडकीजवळ बसणाऱ्या त्या मुलीला मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी ऑक्टोबरमध्ये एकदा गेले होते, मॅडम. परत नाही गेले.

सर, हे सगळं कुठल्या सर्वेक्षणात सापडलं असतं? उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. त्यात २१ प्रश्न आहेत. पहिले २० पर्यायांचे, शेवटचा मोकळा, सूचना लिहिण्यासाठी. ते प्रश्न मी नीट वाचले आहेत. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होतं का, प्रोजेक्टरसारखी साधनं किती शिक्षक वापरतात. सगळे महत्त्वाचे आहेत. पण ते अध्यापनाविषयी आहेत. पाणी, स्वच्छतागृह, वसतिगृह, जेवण यांतलं काहीच त्यांत विचारलेलं नाही. पायाभूत सुविधांसाठी वेगळा निकष आहे, चौथा, पण तिथली माहिती संस्थेने स्वतः द्यायची असते. खोल्या किती, संगणक किती, खर्च किती. आपण म्हटलं, पहिल्या मजल्यावर महिला स्वच्छतागृह आहे. ते खरंच होतं. त्याला पुढे कुलूप लागलं, हे लिहायला रकाना नव्हता.

म्हणून आपण स्वतःहून वेगळं सुविधा सर्वेक्षण करतो आहोत याचा मला मनापासून आनंद झाला होता. त्यात कर्मचाऱ्यांनाही विचारलं जाणार हे वाचून तर जास्तच. फक्त ते त्याच साच्यात होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

कर्मचारी म्हणताना आपण कुणाला मोजतो, हाही प्रश्न आहे. फॉर्मची लिंक विद्यापीठाच्या ईमेलवर आली. मला आली, कारण माझा सेवापुस्तक क्रमांक आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांतल्या कित्येकांना ती आली नाही. त्यांना विभागात बसायला खुर्ची नसते, दोन तासांच्या मधला वेळ ते आमच्या नियतकालिक विभागात काढतात. पेपर तपासायचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसलेले मी त्यांना रोज बघते. मावशींना लिंक आली नाही, पंपावरच्या मुलाला आली नाही, फाटकावर बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या रक्षकांना आली नाही. मुख्य फाटकाजवळच्या चौकीला शौचालय नाही. रात्रपाळीचे लोक कुठे जातात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि आपण त्याबद्दल बोलत नाही. आता काही महिन्यांपासून तिथे दोन महिला रक्षक आहेत. त्या आमच्या इमारतीत येतात, म्हणजे एकीने फाटक सोडून सात-आठ मिनिटं चालत यायचं आणि तेवढा वेळ दुसरीने एकटीने सांभाळायचं. कंत्राटदाराने पिण्याचं पाणी आणि शौचालयाची सोय केली नाही, तर ती मूळ मालकाने करायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्याकडे आहे. इथे मूळ मालक विद्यापीठ आहे.

विद्यार्थ्यांसाठी निदान कागदावर तरी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत, माहितीपत्रकात कबूल केलेल्या सुविधा न मिळणं हीसुद्धा तक्रार धरली आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि समाधान झालं नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. आमच्या अभ्यासिकेतल्या किती मुलांना हे ठाऊक आहे म्हणून मी सहज विचारलं. रॅगिंगविरोधी समिती सगळ्यांना माहीत होती, कारण तिचा फलक दारातच आहे. ही समिती कुणालाच माहीत नव्हती. एक मुलगा म्हणाला, तक्रार केली तर अंतर्गत गुणांवर परिणाम नाही ना होणार? त्याला मी काय सांगायला हवं होतं?

अभ्यासिकेबद्दल मला पानंच्या पानं लिहिता येतील, कारण ती माझी जागा आहे. खुर्च्या १८०, आणि परीक्षेच्या दिवसांत दाराशी पहाटेपासून दप्तरांची रांग. दप्तर ठेवून मुलं हॉस्टेलवर जाऊन अंघोळ करून येतात. एमपीएससीची तयारी करणारी मुलं वर्षानुवर्षं तीच खुर्ची धरून असतात, आणि त्यांच्यावर रागवायला माझा जीव होत नाही. बाहेर खाजगी अभ्यासिकेला महिन्याला हजाराच्या वर मोजावे लागतात, ते त्यांच्याकडे नसतात. रात्री आठला आम्ही बंद करतो, कारण दुसऱ्या पाळीला माणूस नाही. रिक्त पदांचा प्रश्न शासनाकडे अडकला आहे हे मला समजतं. पण दहापर्यंत अभ्यासिका उघडी ठेवायची असेल, तर ‘कमवा आणि शिका’ योजनेतली चार मुलं आणि एक जबाबदार कर्मचारी एवढ्यावर ते होऊ शकतं. असा प्रस्ताव मी दिला आहे. तो आजवर फेटाळलेलाही नाही आणि मंजूरही झालेला नाही.

वायफायबद्दल मुलं सर्वात जास्त बोलतात. ते ठीक चालतं. जिथे चालत नाही तिथे मुलं स्वतःचा डेटा वापरतात. मेसबद्दलही आपल्याकडे पुष्कळ तक्रारी येतात, समितीही आहे, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

रॅम्पबद्दल मात्र लिहायलाच हवं. ग्रंथालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, साधारण दीड फूट उंची. शेजारी रॅम्प केला आहे, त्याची लांबी मी स्वतः टेपने मोजली, साडेसहा फूट. एक फूट चढायला निदान बारा फूट उतार हवा, हे मान्य प्रमाण आहे. म्हणजे अठरा फूट हवेत. व्हीलचेअरवरून येणारा आमचा एक संशोधक विद्यार्थी त्या रॅम्पवरून एकटा चढू शकत नाही. मित्र मागून ढकलतो, आणि उतरताना दोघे जण धरतात. वर पोचलं की समोर चॅनेल गेट. त्याचा एक पल्ला गंजून अडकलेला आहे, उरलेल्या फटीतून खुर्ची जेमतेम जाते, चाकावरचे त्याचे हात दोनदा खरचटलेले मी पाहिले आहेत. आमच्याकडच्या पाहणी तक्त्यात ‘रॅम्प: आहे’ असं लिहिलेलं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करायला पाच वर्षं दिली होती. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, तू फॉर्म भरलास का? तो म्हणाला, भरला, ‘ठीक’ लिहिलं, कारण इथे सगळे मदत करतात. माणसं मदत करतात, म्हणून त्याने इमारतीला ‘ठीक’ म्हटलं आहे.

माझे वडील साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन होती, ते वसतिगृह नसतं तर ते सातवीनंतर गुरांमागे गेले असते, आणि मी हे पत्र लिहायला इथे नसते. ते सांगायचे, आम्हाला शाळा आठवत नाही तेवढं ते जेवण आठवतं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पोरांच्या पोटात जावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी शिक्षणाचं काम केलं, त्यांनी राहण्याची, जेवणाची आणि पाण्याची सोय कधी दुय्यम मानली नाही. ती झाली नाही तर पोर शाळेत टिकतच नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

आज हे आणखी महत्त्वाचं आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुली आता जास्त येतील, यायलाच हव्यात. त्यांतल्या कितीतरी जणी पावणेसातची एसटी पकडून येतील.

मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिसभा आहे, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मला मोठी इमारत नको आहे. प्रत्येक इमारतीसाठी एकच अधिकारी नेमावा, ज्याच्याकडे त्या इमारतीचं पाणी, नळदुरुस्ती आणि सफाई हे तिन्ही असेल, आणि ज्याचं नाव व फोन नंबर दाराशी लावलेला असेल. त्याच्या हाती किरकोळ दुरुस्तीसाठी थोडी रक्कम असावी, म्हणजे फ्लशचं एक रबर बदलायला तीन फायली फिरणार नाहीत. नव्या कंत्राटांमध्ये पंपाची वेळ सकाळी सहाची लिहावी. हे वाक्य एकदा निविदेत आलं, की ते कुणा मामांच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही. परिसरातल्या कुठल्याही चालू स्वच्छतागृहाला कार्यालयीन वेळेत कुलूप असू नये, असा एका ओळीचा आदेश काढावा. फाटकावर शौचालय बांधावं. रॅम्प तोडून नव्याने करावा, अठरा फुटांचा, आणि चॅनेल गेटचा पल्ला आधी सोडवावा. त्याला तर मार्चची वाट बघायचीही गरज नाही.

सर्वेक्षणाचं म्हणाल, तर फॉर्म मागे घ्या असं मी म्हणणार नाही, कष्ट करून बनवलेला आहे. त्यात प्रत्येक सुविधेपुढे दोन प्रश्न वाढवावेत: ही सुविधा तुम्ही शेवटची कधी वापरलीत, आणि वापरत नसाल तर का. मावशी, रक्षक, पंपावरचा मुलगा, तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांच्याशी समोरासमोर बसून बोलावं आणि ते लिहून घ्यावं. हे काम मी सुट्टीच्या दिवशी येऊन करायला तयार आहे, त्यासाठी मानधन नको. आणि निकाल आला की तो एकूण टक्केवारीत न देता इमारतीनुसार द्यावा, प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावावा, शेजारी दुरुस्तीची तारीख लिहून. मुलांना एकदा दिसलं की आपण लिहिल्यावर काहीतरी बदललं, तर पुढच्या वर्षी ती खरं लिहितील.

शेवटी एक विनंती, आणि ती औपचारिक नाही. सर, आपण एकदा सकाळी सव्वाआठला ग्रंथालयात या. बरोबर कुणी नको, आधी कळवायलाही नको, नाहीतर त्या दिवशी सहालाच पंप सुरू होईल. व्यवस्थापन परिषदेतल्या महिला सदस्यांनी तर यावंच. पहिल्या मजल्यावर डावीकडे वळलं की शेवटचं दार. आत दुसऱ्या क्रमांकाचा नळ उघडून बघा. मावशी तेव्हा तिथेच असतील, बादली घेऊन. त्यांच्याशी पाच मिनिटं बोला. मग अभ्यासिकेत या, खिडकीजवळच्या टेबलाशी. ती मुलगी आठ वाजून दहा मिनिटांनी येते.

आपली विश्वासू,
ग्रंथालयातील एक शिक्षकेतर कर्मचारी

प्रत माहितीसाठी सादर: कुलसचिव कार्यालय, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, विद्यार्थी विकास मंडळ